आवृत्ती शून्य पूर्णांक एक

कर्सर 'क्ष'च्या पोटात शिरायचा.
तीन आठवडे.
बाणाची कळ एकदा दाबली की
क आणि ष यांच्या मधल्या, कुणाला न दिसणाऱ्या भिंतीला
टेकून उभा राहायचा लुकलुकत,
खोली भाड्याने मागायला आलेल्या
एकट्या माणसासारखा.

दिवसा मी मिहानमध्ये
दुसऱ्यांच्या गोदामांचे हिशेब लिहिते.
रात्री पाचपावलीत, कूलरच्या तोंडाशी बसून,
एक एडिटर.
कोड लिहिणाऱ्यांसाठी. फुकट, आतून-बाहेरून उघडा,
जुन्या लॅपटॉपला धाप न लावणारा,
आणि ज्यात कुणी दोन ओळींच्या मधे
'हे का चालतं मला माहीत नाही, हात लावू नका'
असं मराठीत लिहून ठेवलं
तर खालच्या ओळी वाकड्या होणार नाहीत.

बाबांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं गोळीबार चौकात.
अकरा मशिनी. आता एक उरली, तिच्यावर इस्त्रीचे कपडे.
मी त्यांना सांगितलं,
संगणकाच्या पोटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर येते.
"आमी तर आधी मारत होतो."
हो, पण आत नंतर.
"मंग कागदावर कुठी दिसते?"
आधी.
"मंग झालं न," म्हणाले, आणि पेपर उघडला.
शब्दांखालून बोट सरकत होतं.
'शिक्षण'वर आलं, क्ष पूर्ण ओलांडून गेलं.
आत कुठेच थांबलं नाही.

त्या रात्री चाळीस ओळी लिहिल्या.

पण खोडताना मात्र
जोडाक्षर एका फटक्यात जाऊ नये असं वाटत राहिलं.
आधी ष जावा, मग पाय मोडलेला क् राहावा थोडा वेळ,
हात थबकला तर वाचेल तो.
बाबांच्या मशिनीवर मागे जाता यायचं, पुसता यायचं नाही.
चुकलेल्या शब्दावर फुल्या मारायच्या,
कागद धरला उजेडात
की खालचा शब्द दिसायचाच.

नावावरून भांडण झालं.
ज्ञानदीप म्हणे संत्र्यावरून ठेव, नाहीतर झिरो माइल.
मी म्हटलं, टॅक्सी कंपनी काढतोय का आपण?
'कित्ता' ठेवलं.
ज्याला हवं त्याने गिरवावं.

परवान्यात लिहावं लागतं:
जसं आहे तसं. कोणतीही हमी नाही.
इतवारीतला कापडवालाही हेच बोलतो,
फक्त आधी पैसे घेतो.
इथे ठाणच रस्त्यात उलगडून ठेवायचं,
फाडा, उसवा, तुमच्या मापाने शिवा,
कोपऱ्यात विणणारणीचं नाव तेवढं राहू द्या.

मे महिना, रात्रीचे तीन.
अकरा एमबीपैकी नऊ चढले आणि लाइट गेली.
कूलर थांबला तशी सगळी गल्ली गच्चीवर.
पाण्याच्या टाकीला टेकून, मोबाइलच्या नेटवर
उरलेले दोन सोडले.
शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं,
"आली का?"
"गेली," मी म्हटलं.

काही झालं नाही.
सकाळी तर्री-पोहे खाताना आकडा पाहिला: चार.
त्यात दोनदा ज्ञानदीप, एकदा मी.

चौथा कोण, ते नवव्या दिवशी कळलं.
इम्फाळहून तोम्बा नावाचं कुणीतरी.
आमच्या लिपीत तुमचा कर्सर अडकतो, एवढंच लिहिलेलं,
आणि खाली, न मागता, दुरुस्ती.
माझ्या चाळीस ओळी लाल. त्याच्या नऊ हिरव्या.
आधी कान तापले.
मग तीनदा वाचल्या.
मग 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍हा' सगळं चालवून पाहिलं,
कुठेतरी चुकला असेल या आशेने.

नव्हता चुकला.
सामील करून घेतल्या.

"कोण आहे तो?" बाबांनी विचारलं.
माहीत नाही.
"पायलं बी नाही त्याले?"
नाही.
"अन् घरात घेतलं?"

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा घरघरत होता.
मी बादली घेऊन उठले.